घरटी एक आवतण

काकांच्या दुकानातल्या बरण्यांवर औषधांची नावं नव्हती. जुन्या नाशकातल्या एका अरुंद गल्लीत, भांड्यांच्या दोन दुकानांच्या मधे, त्यांचं काष्ठौषधींचं दुकान होतं. मुळ्या, साली, कंद, वाळलेली फळं. वैद्याने लिहून द्यायची आणि आपण घरी नेऊन कुटायची किंवा उकळायची. फळ्यांवर बरण्या ओळीने मांडलेल्या आणि प्रत्येकीवर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या कागदाची चिठ्ठी डकवलेली. चिठ्ठ्या तीनच प्रकारच्या. ‘आहे’, ‘जपून’ आणि ‘विचारू नका’.

नावं त्यांना लागत नसत. झाकण काढून नाक जवळ नेलं की काम झालं. हिरडा, बेहडा, सुंठ, गुळवेल हे सगळे ‘आहे’मध्ये. शतावरी, मुसळी ‘जपून’मध्ये. ‘विचारू नका’च्या फळीवर काय होतं ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. एकदा विचारलं, तर त्यांनी नुसतं चिठ्ठीकडे बोट दाखवलं.

गल्लीत त्यांना ‘नाहीवाले’ म्हणत. कारण गिऱ्हाइकाने काहीही मागितलं तरी पहिला शब्द ‘नाही’ हाच येई. मग चौकशी सुरू होई. कोणासाठी, कशासाठी, कोणी सांगितलं, झोप कशी आहे, जेवता किती वाजता. या परीक्षेतून उतरलेल्यालाच पुडी मिळे. दुकानाच्या वर दोन खोल्या आणि गच्ची, तिथे ते आणि काकू राहत. काकू जिन्यातूनच म्हणायच्या, “आमच्या लग्नात यांना कोणी काही विचारलं नाही म्हणून ते झालं. विचारलं असतं तर हे ‘नाही’च म्हणाले असते.”

“नाही,” काका आतून म्हणायचे.

एकदा मी दुकानात असताना एक तरणाबांड मुलगा मोटरसायकल लावून आला. अंगात व्यायामशाळेतला घट्ट बनियन. त्याने सफेद मुसळी मागितली.

“नाही. कशाला हवीय?”

“ताकद यायला, काका.”

“आहे ती काय केलीस? काम काय करतोस?”

“अंबडला कंपनीत आहे. सुपरवायझर.”

“कितव्या मजल्यावर?”

“तिसऱ्या.”

“जिन्याने जातोस?”

तो हसला. “लिफ्ट आहे ना.”

“मग आधी सहा महिने जिन्याने जा. अरे, ही मुसळी दगडातून वर येते. वर्षातले आठ महिने जमिनीत दडून राहते आणि चार महिन्यांत सगळा संसार उरकते. तिला उपटून तुला द्यायची, आणि तू तिला घेऊन लिफ्टमध्ये उभा राहणार?”

मुलगा बिचारा ओशाळून गेला. जाताना त्याने मला हळूच विचारलं, “यांचं दुकान चालतं कसं?” याचं उत्तर मलाही माहीत नव्हतं.

मी स्वतः पहिल्यांदा गेले तीही मुसळीसाठीच. वडिलांचं मोठं ऑपरेशन झालं होतं. अंगात काही राहिलं नव्हतं. आमच्या वैद्यांनी चिठ्ठी दिली. काकांनी ती वाचली आणि विचारलं, “भूक लागते का वडिलांना?” मी म्हटलं, फारशी नाही. “मग मुसळी पचवणार कोण? तुम्ही?” त्यांनी सुंठीची पुडी दिली आणि भूक लागली की या म्हणाले. मी चिडूनच घरी गेले. तीन आठवड्यांनी वडिलांनी स्वतःहून भाकरी मागितली तेव्हा पुन्हा गेले. मग त्यांनी ‘जपून’वाली बरणी खाली काढली आणि पांढऱ्या, सुरकुतलेल्या, करंगळीएवढ्या मुळ्या एकेक करून कागदावर ठेवल्या. “सांडू नका,” म्हणाले. “एकेकीला मी ओळखतो.” मला ती गंमत वाटली. पुढे कळलं की ती गंमत नव्हती.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. वडील बरे झाल्यावर उपकाराची परतफेड म्हणून मी त्यांना एका जुन्या निघंटूतल्या पानाची प्रत नेऊन दिली. वनस्पती खणण्याच्या आदल्या दिवशी तिला आमंत्रण द्यावं, मग दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावी, असं त्यात लिहिलेलं होतं. त्यांनी चष्मा लावून पान वाचलं आणि परत दिलं.

“पोथीत आहे होय? असू दे. आम्ही त्याला आवतण म्हणतो. ग्रंथपाल, शनिवारी दुपारी मोकळ्या आहात का?”

अशी मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा डोंगरावर गेले. दिवाळीआधीचे दिवस होते. सीबीएस स्थानकावरून पश्चिमेकडे जाणारी एसटी घेतली. खिडकी त्यांनी धरली. “तुम्हाला पुस्तकं बघायची सवय, मला डोंगर,” म्हणाले. त्यानंतरच्या सगळ्या फेऱ्यांत खिडकी त्यांचीच राहिली. कुठल्या थांब्यावर उतरलो ते लिहीत नाही. उतरल्यावर तासभर चाल होती. वाटेत निसरड्या मुरमावरून माझा पाय सटकला, आणि ते ओरडले, “अगं, बघून!”

त्या क्षणापर्यंत ते मला ‘तुम्ही’ म्हणत होते. मी उठून उभी राहिले, कपडे झटकले, आणि तेव्हापासून मी ‘तू’ झाले. वडील सोडले तर मला ‘अगं’ म्हणणारं शहरात दुसरं कोणी उरलं नव्हतं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

वर डोंगराच्या कुशीत एक लांबट सपाटी होती. खाली पाड्यावर कोकणा जमातीच्या एक बाई राहत, काका त्यांना मावशी म्हणत आणि त्या काकांना दादा. वयाने दोघं सारखेच असावेत. आम्ही रात्री मावशींकडे मुक्काम करायचो. नागलीची भाकर, उडदाची आमटी. पण त्याआधी, ऊन उतरायच्या सुमाराला, काका सपाटीवर जाऊन आवतण देऊन यायचे.

ते चपला काढायचे. खिशातून अक्षतांची पुडी काढायचे. मुसळीची पानं तोवर वाळून जमिनीला चिकटलेली असत. मला तर नुसतं गवत दिसे. पण भाद्रपदात, पानं हिरवी असतानाच, त्यांनी प्रत्येक ताटव्याजवळच्या दगडाला सुताचा दोरा बांधून ठेवलेला असे. एका ताटव्याला ते ‘घर’ म्हणत. प्रत्येक घरापुढे ते उकिडवे बसायचे, चार अक्षता टाकायचे आणि म्हणायचे, “उद्या येतो. घरटी एक. जमत असेल तिने तयार राहावं.”

घरटी एक, म्हणजे घरातून एकानेच जेवायला यायचं. आपल्याकडे आवतणाचे दोन प्रकार असतात. घरटी एक, नाहीतर चूलबंद. चूलबंद आवतण दिलं की त्या घरी त्या दिवशी चूल पेटवायची नाही, म्हातारी-कोतारी, पोरंबाळं, सगळ्यांनी यायचं. काकांचा नियम पक्का होता. झाडाला चूलबंद आवतण कधी द्यायचं नाही. ज्या घरात माणसं थोडी, त्याला आवतणच द्यायचं नाही. वाटेच्या कडेची घरं सोडून द्यायची, कारण ती राखण करतात.

सकाळी ते बाभळीच्या लाकडाची टोकदार खुंटी घेऊन जायचे. लोखंड नाही. तीही वर्तमानपत्रात गुंडाळून. “पाहुण्याला न्यायला जाताना हातात विळा कोणी नेतं का?” असं म्हणत. माती हलकेच उकरून अख्खा झुबका वर काढायचे. मुसळीला वर बारीक डोकं असतं आणि खाली बोटांसारख्या मुळ्या लोंबत असतात. काका जाड बोटं काढून घेत. दोन बारीक बोटं डोक्याला तशीच ठेवून ते डोकं परत त्याच खड्ड्यात लावत, माती दाबत, वर पालापाचोळा सारत. “आवतण दिलं, पाहुणा जेवून गेला, आता त्याला घरी पोचवायचा,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुढच्या पावसात त्याच डोक्यातून पानं येत. म्हणूनच ते एकेकीला ओळखत होते.

मी विचारलं, “आदल्या दिवशीच का सांगायचं, काका? आज आलोय तर आजच घ्यावी.”

“संध्याकाळी माणूस दिवसभराचा दमलेला, हावरा असतो. त्याला सगळंच हवं असतं. सकाळी बघ, निम्म्यातच भागतं. आवतण झाडासाठी नाही गं. आपल्यासाठी आहे.”

खरोखरच, आदल्या दिवशी अक्षता टाकलेल्यांपैकी किती तरी घरांसमोर सकाळी ते थांबत आणि “राहू दे, हिला यंदा जमायचं नाही” म्हणून पुढे जात.

त्या सपाटीचं महत्त्व मला दोन-तीन वर्षांनी कळलं. काकांच्या तरुणपणी नाशकाभोवती मुसळीच्या अशा कितीतरी जागा होत्या. एकेक करून गेल्या. कुठे डोंगर पोखरून खडी काढली, कुठे उतार सपाट करून द्राक्षं लावली, कुठे धरणाचं पाणी चढलं, आणि अलीकडे तर शनिवार-रविवारच्या बंगल्यांचे प्लॉट. जागा जाणार असं कानावर आलं की काका तिथे जायचे, तिथली डोकी काढायचे, आणि मावशींच्या वरच्या या सपाटीवर आणून लावायचे. म्हणजे ती सपाटी साधी नव्हती. उठलेल्या सगळ्या गावांची माणसं तिथे वसवलेली होती. “हे इगतपुरीकडचं घर,” ते दाखवायचे. “ते खाणीवरचं. यांची पानं थोडी रुंद आहेत, बघ.” मला फरक दिसत नसे. मी हो म्हणत असे.

प्लॉटच्या एका जागेवर मी त्यांच्याबरोबर होते. नाव आणि नकाशा असलेला मोठा फलक, चुन्याच्या रेघा, जेसीबी उभा. काका चपला काढून अक्षता टाकत बसले. तिथला मुकादम धावत आला.

“ओ काका, काय चाललंय?”

“आवतण.”

“कोणाला?”

“हिला. उद्या सकाळी न्यायचीय.”

“उद्या सात वाजता मशीन लागणार इथं. न्यायची तर आत्ता न्या.”

“आज कशी येईल? आज सांगितलंय. तुझ्या बायकोला माहेराहून आणायला जातोस तेव्हा दारातूनच ओढत आणतोस का?”

मुकादमाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. थोडा वेळ त्याने अक्षतांकडे पाहिलं, मग काय वाटलं कोणास ठाऊक, स्वतःच्या चपला काढल्या आणि नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा जेसीबीवाला मशीन बंद करून बिडी ओढत बसला होता. “साहेबांनी सांगितलंय, पूजा होऊ द्या,” म्हणाला. त्या दिवशी घरटी एक नव्हतं. घरच उठणार होतं. काकांनी सगळी डोकी काढली आणि गोणपाटात गुंडाळून घेतली. एसटीत ते गाठोडं मांडीवर घेऊन बसले होते.

आता मी जे केलं ते सांगते.

एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीसाठी मी लेख लिहिला. विषय अर्थातच काका. त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “लिही. आवतणाचं लिही, डोकं परत लावायचं लिही, चार माणसं शिकतील. जागा लिहू नकोस.” मी जपून लिहिलं. गावाचं नाव घातलं नाही. एसटीचा मार्ग बदलला. नदीचं नावही बदललं. मावशींना दुसऱ्याच जमातीचं केलं. पण सपाटीवर चढताना वाटेच्या तोंडाशी एक खूण लागते, आणि ती मला फार आवडायची. तिच्यावर मी एक अख्खा परिच्छेद लिहिला. तो लेखातला सगळ्यांत चांगला परिच्छेद होता. संपादकांनी त्याचंच कौतुक केलं. खूण कसली होती ते आज लिहीत नाही.

श्रावणातल्या एका रविवारी लेख छापून आला. मी अंक घेऊन दुकानात गेले. काकांनी उभ्याउभ्याच सगळा वाचला, चष्मा काढला.

“छान लिहिलंयस. शुद्धलेखन तर उत्तम. एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही.” मग अंकाची घडी घालून म्हणाले, “ती खूण लिहायला नको होती.”

“काका, त्यावरून कोणाला काय कळणार? नाशिकचे लोक कशाला जातायत तिथे?”

“नाशिकचे नाही जाणार,” ते म्हणाले, आणि एका गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायला वळले.

त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. जे लोक तिथे कधीच जाणार नव्हते त्यांच्यापासून मी जागा लपवली होती. आणि ज्यांना तिथे जाता येत होतं, ज्यांनी ती खूण जन्मापासून पाहिलेली होती, त्यांना मी ती बोट धरून दाखवली होती. इतकी पुस्तकं हाताखालून गेली, पण आपलं लिहिलेलं कोण वाचेल याचा विचार मी माझ्यासारख्यांपुरताच केला.

भाद्रपद उतरताना आम्ही नेहमीप्रमाणे दोरे बांधायला गेलो. मावशी अंगणात होत्या. त्या उठून पुढे आल्या नाहीत, बस म्हणाल्या नाहीत.

“दादा, वर जाऊ नका,” म्हणाल्या.

मग त्यांनीच सांगितलं. शाळेच्या मास्तरांच्या मोबाईलवर कोणीतरी पेपरातलं ते पान पाठवलं होतं. मास्तरांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. “आमी लय हासलो. म्हनलं, ही तं आपलीच वाट! पेपरात आली आपली वाट!” मावशी माझ्याकडे न बघता बोलत होत्या. लोकांना अभिमान वाटला होता. ते पान मोबाईलवरून मोबाईलवर गेलं. आठ दिवसांत एक टेम्पो आला. ओली, हिरवी मुसळी, मिळेल तेवढी घेतो म्हणाला. लावणी उरकली होती, हाताला काम नव्हतं. “बाहेरची बी व्हती. आपली बी व्हती. माझा पुतन्या बी व्हता. मी काय खोटं नाय बोलनार.”

आम्ही वर गेलो. सपाटीवर हिरवं काही उभं नव्हतं असं नाही. गवत होतं, तेरडा होता. पण मधे सगळीकडे खड्डे होते, कुदळीचे. खड्ड्यांत पावसाचं पाणी साचलेलं. मुसळी आश्विनाशिवाय भरत नाही. भाद्रपदातली बोटं काडीसारखी, दुधाळ असतात. वाळली की दोऱ्यासारखी होतात, औषधाच्या काही उपयोगाची नसतात. तीच ओरबाडून नेलेली. डोकी तोडून तिथेच फेकलेली. काही उन्हाने काळी पडलेली, काही पायाखाली तुडवलेली. इगतपुरीकडचं घर, खाणीवरचं घर, प्लॉटवरचं घर, कुठलं कुठलं ते आता काकांनाही सांगता आलं नसतं.

ते उकिडवे बसले. एका खड्ड्यात त्यांनी हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

“चूलबंद झालं,” म्हणाले.

मग त्यांनी खांद्यावरचा पंचा पसरला आणि फेकलेली डोकी वेचायला लागले. मीही वेचू लागले. दुपार झाली, ऊन तापलं. मला काहीतरी म्हणायचं होतं. ‘काका, माझं चुकलं’ एवढंच वाक्य, पण ते मनात लिहून होईना. प्रत्येक वेळी त्यात एखादा जास्तीचा शब्द येई, कारण देणारा. शेवटी मी नुसतंच “काका” म्हणाले.

त्यांनी वर पाहिलं. रागावलेले दिसले नाहीत. पाण्याची बाटली पुढे केली.

“तुम्ही पाणी प्या,” म्हणाले. “ऊन फार आहे.”

परतीच्या एसटीत ते बाजूला सरले आणि म्हणाले, “तुम्ही खिडकीत बसा.”

त्यानंतर सहा वर्षं मी ‘तुम्ही’ होते. ते माझ्याशी कधी वाईट वागले नाहीत. दुकानात गेले की “या” म्हणत, स्टूल पुढे सरकवत. पूर्वी चहा अर्धा-अर्धा व्हायचा, आता माझा कप भरून यायचा आणि बशीत बिस्किट असायचं. काकूंनी एकदा माझ्यासमोरच म्हटलं, “पोरीला काय अहो-जाहो लावलंय तुम्ही?”

“शिकलेल्या आहेत त्या,” काका म्हणाले.

मुसळीच्या बरणीवरची ‘जपून’ ही चिठ्ठी निघाली होती. तिथे ‘विचारू नका’ आली होती.

मी त्यांची माफी मागितली नाही असं नाही. पत्र लिहून मागितली. माझ्यासारखी माणसं समोर बोलत नाहीत, पत्र लिहितात. ते त्यांनी वाचलं की नाही मला माहीत नाही. आणि जाणं हळूहळू कमी केलं मीच. कधी ऑडिट, कधी परीक्षांचे दिवस, कधी गल्लीत गाडी लावायला जागा नाही. खरं कारण एकच होतं. त्या दुकानात दर खेपेला एक ‘तुम्ही’ माझ्या वाट्याला येणार हे ठरलेलं होतं, आणि तो मला सोसत नव्हता. सहा वर्षांत ते एकदाही मला टाकून बोलले नाहीत, हीच ती शिक्षा होती असं मी धरून चालले. त्यांच्या बाजूने कदाचित वेगळं काही असेल. ते विचारायला मी काकूंजवळ जिन्याच्या पहिल्या पायरीवर जरी बसले असते तरी चाललं असतं.

यंदा चैत्रात ते गेले. मला दहा दिवसांनी कळलं, दुकानाच्या बंद शटरवरून.

ज्येष्ठ लागला तेव्हा काकूंचा फोन आला. “पाऊस यायच्या आत येऊन जा गं एकदा. वर गच्चीवर यांचा पसारा आहे. मला त्यातलं काय कळतंय?”

गच्चीवर तेलाच्या डब्यांत तुळस, गवती चहा, ओवा होता, उन्हाने सुकत चाललेला. कोपऱ्यात पत्र्याच्या सावलीला एक फुटका माठ होता, तोंडापर्यंत वाळू भरलेला. मी बोट घातलं. आत डोकी होती, कोरडी, टणक, प्रत्येकाला दोन-दोन बारीक बोटं. त्या दिवशी पंच्यात वेचलेल्यांपैकी जी जगली, ती त्यांनी सहा पावसाळे गच्चीवर वाढवली होती आणि दर हिवाळ्यात वाळूत झोपवली होती. त्या सपाटीवर ती परत न्यायची त्यांना घाई नव्हती. टेम्पो तिची वाट विसरेपर्यंत थांबायचं होतं, असं काकू म्हणाल्या. “यंदा नेतो, यंदा नेतो म्हणत होते. दोन वर्षं गुडघ्यांनी ऐकलं नाही.”

माठाच्या गळ्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती. कॅलेंडरच्या मागचा कोरा कागद, त्यांचं ठसठशीत अक्षर. एकच शब्द. ‘पोचव’.

“तुमच्यासाठी असेल,” मी काकूंना म्हणाले.

“मला कुठली वाट माहीत आहे? मी आयुष्यात एकदा तरी गेले का त्या डोंगरावर?” काकू म्हणाल्या. “ती वाट दोघांनाच माहीत होती.”

मी एकटीच गेले. गोणपाट मांडीवर होतं. मावशी आता फार वाकल्या आहेत, पण वर चढून आल्या. त्यांच्या पुतण्याने पाण्याचा हंडा वर आणून ठेवला आणि तो खाली निघून गेला. मी अक्षतांची पुडी काढली तेव्हा मावशींनी माझा हात धरला.

“ही कशाला? ही घरचीच हाय. घरच्याला आवतण देत्यात व्हय?”

मग आम्ही खुंटीने भोकं केली, डोकी लावली, माती दाबली, वर पाला सारला. माझ्या हाताने कुठलं घर कुठे बसलं ते मला सांगता येणार नाही. मला शेवटपर्यंत फरक दिसला नाही. त्यातली किती उगवतील तेही माहीत नाही. पाऊस सुरू झाला आहे. श्रावणात जाऊन बघेन म्हणते. वाट कुठली, ते हा लेख कितीही वेळा वाचला तरी कळणार नाही एवढी काळजी या वेळी मी घेतली आहे. सगळ्यांत चांगला परिच्छेद मी लिहिलेलाच नाही.

परतीच्या एसटीत दोन जागा मोकळ्या होत्या. मी खिडकीची जागा सोडून अलीकडे बसले. पर्समधून ती चिठ्ठी काढली. मला लिहायची असती तर ते ‘पोचवा’ लिहिते. सहा वर्षं त्यांनी तो काना कधी विसरला नव्हता. हात थरथरला असेल, बॉलपेन अडलं असेल, काना द्यायचा राहून गेला असेल. अडलेल्या बॉलपेनचा कागदावर कोरडा ओरखडा उठतो, जुन्या नोंदी तपासताना मी असे पुष्कळ पाहिले आहेत. मी चिठ्ठी खिडकीच्या उजेडात तिरपी धरली, पुढून पाहिली, उलटी करून मागून पाहिली.

ओरखडा नव्हता.